वहीतल्या तुकड्यांचे ग्रंथालय

एकच मजकूर दोन ठिकाणी लिहिला की आज ना उद्या त्या दोन प्रतींत फरक पडतो. हे साधे सत्य संगणकाच्या बालपणीच ओळखून आयुष्यभर त्याचा पाठपुरावा करणाऱ्या रिअर अॅडमिरल ग्रेस हॉपर यांच्या जीवनाचा हा मागोवा.

वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक जुनी नोंदवही जपून ठेवलेली आहे. तिच्या एका पानावर चिकटपट्टीने एक मेलेला पतंग डकवला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क-२’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये हा पतंग अडकला आणि यंत्र बंद पडले. संगणकातील दोषाला ‘बग’ हे नाव या पतंगामुळे पडले आणि तो ग्रेस हॉपर यांनी शोधून काढला, अशी आख्यायिका संगणकाच्या जगात गेली कित्येक दशके सांगितली जाते.

वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. यंत्रातील लपलेल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत अभियंत्यांमध्ये एडिसनच्या काळापासून होती. तो पतंगही हॉपर यांना सापडला नव्हता. त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला होता. हॉपर यांनी मात्र ती हकिगत पुढे शेकडो व्याख्यानांतून इतकी रंगवून सांगितली की पतंग त्यांच्याच नावावर जमा झाला. त्यांनी खऱ्या अर्थाने ज्या दोषांशी झुंज दिली, त्यांना पंख नव्हते. माणूस एका कागदावरून दुसऱ्या कागदावर मजकूर उतरवून घेतो, तेव्हा हातून ज्या चुका होतात त्यांच्याशी ती झुंज होती.

घड्याळे उघडणारी मुलगी

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील वॉल्टर मरे विमा व्यवसायात होते, तर आई मेरी यांना गणिताची विलक्षण ओढ होती. परंतु त्या काळातील मुलींना ती ओढ फार पुढे नेता येत नसे. सात वर्षांच्या ग्रेसने उन्हाळ्याच्या सुटीत घरातील गजराचे एक घड्याळ आत काय आहे हे पाहण्यासाठी उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. अखेर सात घड्याळांचे सुटे भाग जमिनीवर पसरलेले आईला दिसले. आईने शिक्षा केली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा, एवढाच नियम घालून दिला.

१९२८ साली व्हॅसार महाविद्यालयातून गणित व भौतिकशास्त्र या विषयांत पदवी मिळवून त्या येल विद्यापीठात गेल्या. १९३० मध्ये त्यांचा विवाह व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी झाला आणि १९३४ मध्ये नामवंत गणितज्ञ ऑयस्टिन ओरे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच. डी. संपादन केली. अमेरिकेत तेव्हा गणितात पीएच. डी. मिळवणाऱ्या स्त्रिया अगदी मोजक्या होत्या. व्हॅसारमधील प्राध्यापकीचे स्थिर आयुष्य त्यांच्यापुढे होते. पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि हॉपर यांनी नौदलात जाण्याचा ध्यास घेतला. वय अधिक, वजन कमी आणि गणिताच्या प्राध्यापक म्हणून देशाला त्यांची नागरी कामात गरज, अशा तीन कारणांनी नौदलाने नकार दिला. त्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर वजनाची अट शिथिल करून घेऊन डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात आपल्या तुकडीत पहिल्या आल्या.

बहात्तर खण आणि तीन वह्या

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड येथे, कमांडर हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली. तेथे ‘मार्क-१’ हे यंत्र उभे होते : ५१ फूट लांब, ८ फूट उंच, साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग असलेले. एक बेरीज करायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागे, गुणाकाराला काही सेकंद. एकेन यांनी स्वागताचे चार शब्दही न बोलता त्यांना आर्कटॅन्जंट श्रेणीचे गुणक काढण्याचे काम दिले आणि मुदत दिली आठवड्याची. हॉपर, रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक हे या यंत्रासाठी आज्ञावली लिहिणारे पहिले तिघे. नौदलाच्या तोफांसाठीची कोष्टके ही यंत्राची रोजची कामगिरी होती. त्याच उन्हाळ्यात जॉन फॉन नॉयमन एक अवघड गणित घेऊन आले. ते गणित अणुबॉम्बच्या रचनेसाठी होते, हे तेथील मंडळींना युद्ध संपल्यावर समजले. उत्तर चुकले तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे मात्र त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

या यंत्रात बदलत्या संख्या ठेवण्यासाठी केवळ ७२ खण होते आणि प्रत्येक खणात २३ अंकांची संख्या मावत असे. आज्ञावलीचा कोणताही भाग कोणत्याही खणात हात घालू शके. आजच्या संगणक अभियंत्यांच्या भाषेत सांगायचे तर हे सारे खण ‘ग्लोबल व्हेरिएबल’, म्हणजे सार्वत्रिक चल होते. वाड्यातील सामायिक फडताळासारखाच हा प्रकार. चार बिऱ्हाडे एकाच डब्यातून साखर घेऊ लागली, की ती संपवली कोणी याचा पत्ता लागत नाही.

गणितातील काही भाग पुन्हा पुन्हा लागत. एखाद्या कोनाची ज्या, म्हणजे ‘साइन’, काढायची असेल तर त्यासाठीच्या आज्ञा दरवेळी नव्याने कशाला लिहायच्या? म्हणून हे तिघे सहकारी तपासून खात्री केलेले तुकडे आपापल्या वहीत लिहून ठेवीत आणि गरज पडली की एकमेकांच्या वह्या मागून घेत. संगणकशास्त्रात ज्याला पुढे ‘सबरुटीन’ अर्थात उप-आज्ञावली म्हटले गेले, तिचे हे एक आरंभीचे रूप होते. पण वहीतील तुकडा जसाच्या तसा उपयोगी पडत नसे. तो ज्या खणांवर बेतलेला असे, ते खण नव्या गणितात दुसऱ्याच कामाला लावलेले असू शकत. म्हणून तुकडा उतरवून घ्यायचा आणि त्यातील क्रमांक हाताने बदलायचे, असे दुहेरी काम करावे लागे. मूळ वहीत नंतर एखादी दुरुस्ती झाली, तरी आधी उतरवून नेलेल्या प्रतींत ती आपोआप पोहोचत नसे.

येथेच हॉपर यांना आपल्या आयुष्याचा प्रश्न सापडला. माणूस दोन गोष्टी वाईट करतो : बेरीज आणि नक्कल. ‘बी’ अक्षराचे घाईत १३ होतात, चाराच्या आकड्याचा त्रिकोणी डेल्टा होतो. हुशार गणितज्ञाच्या हातूनही हे घडते, कारण चूक बुद्धीची नसते, कंटाळ्याची असते. आणि ज्या दोन गोष्टी माणसाला नीट जमत नाहीत, नेमक्या त्याच करण्यासाठी खोलीभर यंत्र समोर उभे होते.

यंत्राला काम वाटून देताना

ही कल्पना प्रत्यक्षात यायला काही वर्षे जावी लागली, आणि ती वर्षे सुखाची नव्हती. १९४५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. १९४६ साली त्यांनी लिहिलेली ‘मार्क-१’ची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका प्रसिद्ध झाली, पण हार्वर्डमध्ये स्त्रीला कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. १९४९ मध्ये तेथील मुदत संपल्यावर त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली या धडपडत्या कंपनीत दाखल झाल्या. या काळात मद्याच्या आहारी जाऊन त्यांची प्रकृती व मन दोन्ही खचली होती. मित्रांनी सावरले आणि कामाने उभे केले. पुढे ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५१ मध्ये ‘युनिव्हॅक’ हा संगणक अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या स्वाधीन झाला.

युनिव्हॅकच्या स्मृतीत आज्ञा आणि संख्या मिळून हजार जागा होत्या. प्रत्येक सबरुटीन शून्य क्रमांकापासून लिहिलेले असे. ते मोठ्या आज्ञावलीत बसवताना आतील एकूण एक पत्ता बेरीज करून सरकवावा लागे. म्हणजे पुन्हा तीच बेरीज, तीच नक्कल. हॉपर यांनी १९५१ च्या अखेरीपासून मे १९५२ पर्यंत या कामासाठी ‘ए-०’ नावाची प्रणाली तयार केली. तपासलेली सबरुटीन चुंबकीय फितीवर एकाच ठिकाणी ठेवायची, प्रत्येकाला एक सांकेतिक नाव द्यायचे आणि गणित मांडणाऱ्याने फक्त ती नावे व लागणाऱ्या राशी क्रमाने लिहायच्या. फितीवरून तुकडे शोधणे, एकापुढे एक रचणे आणि सर्व पत्ते जुळवणे हे यंत्राने करायचे. विखुरलेले साहित्य एकत्र करून ग्रंथ सिद्ध करणाऱ्या संकलकाचे काम ते हेच, म्हणून या प्रणालीला त्यांनी ‘कंपायलर’ म्हटले.

एक अडचण गमतीची होती. आज्ञावलीत पुढे येणाऱ्या, अजून जागा न ठरलेल्या तुकड्याकडे उडी कशी मारायची? हॉपर यांना महाविद्यालयातील बास्केटबॉल आठवला. खेळाडू थेट पुढे धावू शकत नसेल, तर चेंडू मधल्या सहकाऱ्याकडे टाकतो आणि पुढे गेल्यावर परत घेतो. त्यांनी स्मृतीच्या टोकाला एक छोटा कोपरा राखून ठेवला. पुढे जाणारी उडी आधी या कोपऱ्यात टाकायची आणि त्या तुकड्याची जागा ठरली, की कोपऱ्यातून पुढची उडी जोडून द्यायची.

येथे श्रेयाची वाटणी नीट करायला हवी. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी ‘एडसॅक’ संगणकासाठी सबरुटीनांचे ग्रंथालय याच सुमारास उभे केले होते आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले होते. शिवाय ‘ए-०’ ही आजच्या अर्थाने भाषांतर करणारा कंपायलर नव्हती. तुकडे जोडणाऱ्या ‘लिंकर’शी तिचे नाते अधिक जवळचे आहे. परंतु नक्कल करणे हे माणसाचे काम नव्हे, यंत्राचे आहे, हा आग्रह व्यवहारात रुजवण्याचे श्रेय हॉपर यांच्याकडेच जाते. संगणक फक्त अंकगणित करतो, तो आज्ञावली लिहू शकत नाही, असे त्यांना त्या वेळी जाणकारांकडूनच ऐकावे लागले. १९५३ मध्ये ‘ए-२’ ही सुधारित आवृत्ती त्यांनी मूळ आज्ञांसह ग्राहकांच्या हाती दिली आणि सुधारणा सुचवा, असे आवाहन केले.

नावांची एकच यादी

पुढचे पाऊल भाषेचे होते. हिशेबनीस आणि गोदामाचे व्यवस्थापक बीजगणिताच्या चिन्हांत विचार करीत नाहीत, मग संगणकाला साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा का देऊ नयेत? १९५५ मध्ये त्यांनी हा प्रस्ताव मांडला आणि कल्पना पटावी म्हणून हीच छोटी आज्ञावली फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेत बनलेल्या संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कळणे शक्यच नाही, अशी वरिष्ठांची समजूत झाली आणि फक्त इंग्रजीच वापरायचे, हे कबूल करून काम पुढे न्यावे लागले. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा साकारली.

या भाषेचे एक वैशिष्ट्य फारसे बोलले जात नाही. माहितीचे वर्णन एकीकडे आणि तिच्यावर करायच्या क्रिया दुसरीकडे, अशी विभागणी तिच्यात होती. कोणत्या नोंदीत कोणते रकाने, किती अक्षरांचे, हे एकदा लिहायचे. क्रियांनी त्या नावांचा फक्त उल्लेख करायचा. मे १९५९ मध्ये पेंटॅगॉन येथे भरलेल्या बैठकीतून सर्व कंपन्यांच्या संगणकांवर चालेल अशा व्यापारी भाषेची योजना आखली गेली. तीच कोबोल. हॉपर यांना ‘कोबोलची जननी’ म्हणण्याची प्रथा असली, तरी तिचा आराखडा जीन सॅमेट आदींच्या समितीने केला. हॉपर सल्लागार होत्या. मात्र फ्लो-मॅटिकचा ठसा तिच्यावर स्पष्ट होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली, तेव्हा उपस्थितांनी नव्या युगाची चाहूल ओळखली.

कोबोलमध्ये ‘कॉपी’ नावाची सोय आहे. माहितीचे वर्णन ग्रंथालयात एका जागी ठेवावे आणि प्रत्येक आज्ञावलीने ते तेथून ओढून घ्यावे, असा तिचा हेतू. ‘मार्क-१’च्या वह्यांतील प्रश्नाचे हे उत्तरच होते. पण जुना धोकाही शिल्लक होता. कोबोल आज्ञावलीतील सर्व चल तिच्या कोणत्याही परिच्छेदाला खुले असत. सामायिक फडताळ एक झाले, त्यावर नावे लिहिली गेली. हात घालणारे मात्र अनेकच राहिले.

सामायिकतेची किंमत

सामायिक वस्तूचा आणखी एक धोका असतो. खासगी वहीतील चूक एकालाच भोवते. ग्रंथालयातील चूक सर्वांना. म्हणून सामायिक गोष्टीला प्रमाण हवे, आणि ते पाळले जाते की नाही हे तपासणारे कोणी तरी हवे. हॉपर यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या कामी लागला. १९६६ च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे नौदलाने त्यांना निवृत्त केले. त्या दिवसाचे वर्णन त्या अत्यंत दुःखाचा दिवस म्हणून करीत. आठच महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. कारण सरळ होते. प्रत्येक कंपनी आपापली कोबोल बनवू लागली होती आणि नौदलाच्या एका कार्यालयातील आज्ञावली दुसऱ्या कार्यालयात चालेनाशी झाली होती. एका भाषेच्या अनेक नकला झाल्या होत्या आणि प्रत्येक नक्कल थोडी वेगळी होती.

हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपायलरची परीक्षा घेणाऱ्या आज्ञावल्यांचे संच तयार केले. या कसोटीवर कंपायलरने प्रमाण कोबोल नेमकी पाळली की नाही, हे उघड होई. कसोट्यांची ही परंपरा पुढे राष्ट्रीय पातळीवर पोहोचली. सहा महिन्यांची नेमणूक जवळजवळ एकोणीस वर्षे लांबली. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टन येथे ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक युद्धनौकेवर रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या कार्यालयातील भिंतीवरचे घड्याळ उलट दिशेने चाले, कारण पूर्वापार चालत आले आहे म्हणून चालू ठेवायचे, या सबबीचा त्यांना तिटकारा होता. व्याख्यानांत त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा तारेचा तुकडा वाटत : विद्युतसंदेश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकतो, हे हाताला कळावे म्हणून. १ जानेवारी १९९२ रोजी व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे त्यांचे निधन झाले आणि तेथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. पुढे एका विनाशिकेला त्यांचे नाव मिळाले आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्य पदक हा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

मागे राहिलेला धडा

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्यांच्या शिकवणुकीची मोठी परीक्षा झाली. जुन्या कोबोल आज्ञावल्यांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले होते. २००० साल उजाडण्यापूर्वी ते दुरुस्त करणे भाग होते. हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले. मुंबई-पुण्यातील असंख्य तरुण अभियंत्यांची परदेशी कामाशी पहिली ओळख याच दुरुस्तीतून झाली. जेथे तारखेचे वर्णन ग्रंथालयात एका जागी होते आणि आज्ञावल्या ते ‘कॉपी’ने घेत होत्या, तेथे शोध तुलनेने सोपा होता. जेथे प्रत्येकाने आपापल्या आज्ञावलीत ते वेगळे लिहिले होते, वेगळी नावे दिली होती, तेथे ओळ अन् ओळ चाळावी लागली.

दोष शोधणारे साधनही या नियमाला अपवाद नाही. ‘जीडीबी’ हा १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला प्रसिद्ध डीबगर. त्याचा एक भाग अभियंत्याच्या संगणकावर चालतो, तर ‘जीडीबी-सर्व्हर’ हा छोटा भाग दूरच्या यंत्रावर. तपासायची आज्ञावली थेट सुरू करायची की ‘शेल’मार्फत, अशी एखादी खूणगाठ दोघांनाही लागते. ती सांभाळणारे एकाच नावाचे ग्लोबल व्हेरिएबल दोन्हीकडे स्वतंत्रपणे लिहिलेले होते. दोन्ही भागांनी वापरायचा मजकूर एका सामायिक विभागात हलवण्याचे काम जगभरच्या अभियंत्यांनी अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने केले आणि असे दुहेरी चलही तेथे एकेकटे होऊन राहू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही नवे दिसत नाही. डीबगर कालच्यासारखाच चालतो. फरक एवढाच की उद्या तेथे बदल करायचा झाला, तर तो एकाच जागी करावा लागेल आणि दुसरी प्रत विसरली जाण्याची भीती उरणार नाही.

असे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यासाठी संग्रहालयात पान राखून ठेवले जात नाही, पतंगासाठी मात्र ठेवले जाते. १९४४ मध्ये हार्वर्डच्या प्रयोगशाळेत तीन सहकारी एकमेकांच्या वह्या मागून घेत होते, तेव्हा त्यांनाही हे नुसते रोजचे काम वाटले असेल. त्यांच्यापैकी एकीला त्या वह्यांत शिरणाऱ्या चुका सलत राहिल्या आणि त्यांचे मूळ उपटण्यात तिने पुढची चार दशके घालवली.